'सेव्ह झालं' म्हणजे नक्की कुठे झालं?

एका खेड्यातल्या दूध संकलन केंद्रासाठी मी काही वर्षांपूर्वी छोटासा प्रोग्राम लिहून दिला होता. पहाटे लोक कॅन घेऊन येतात, काट्यावर लिटर येतात, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) येतो, प्रोग्राम दरपत्रकाप्रमाणे हिशोब करतो, नोंद फाइलमध्ये लिहितो आणि छोट्या प्रिंटरमधून पावती बाहेर येते, ती खिशात टाकून माणूस घरी. एका सकाळी ऐन गर्दीत लाइट गेली, यूपीएसची बॅटरी कधीचीच उतरलेली, पीसी जागच्या जागी बंद. लाइट आल्यावर बघितलं तर त्या सकाळची फाइल जागेवर होती, नाव बरोबर, तारीख बरोबर, साइजसुद्धा बरोबर, पण उघडली तर आत एक अक्षर नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक बाइट शून्य. लोकांच्या खिशात पावत्या होत्या आणि संस्थेकडे नोंद नव्हती. सचिवांनी दोन दिवस घरोघरी फिरून पावत्या गोळा केल्या, बऱ्याच सापडल्या, काही धुण्यात गेल्या होत्या, एका आजींची चुलीत गेली होती. ज्यांच्या मिळाल्या नाहीत त्यांचं आदल्या दिवसाच्या लिटरवरून धरलं. कुणी भांडलं नाही, पण मला ते अजून लागतं, कारण दहा दिवसांच्या दुधाच्या पगारात एका वेळचं दूधसुद्धा त्या घरांत मोजलेलं असतं.

कोड परत परत वाचला. फाइल उघडली होती, लिहिली होती, 'फ्लश' (साठलेलं पुढे ढकलायची आज्ञा) पण केली होती, नीट बंद केली होती, कुठे एरर नाही. मग डेटा गेला कुठे? तर तो डिस्कवर कधी पोचलाच नव्हता. हे कळायला मला जे काय काय वाचावं लागलं आणि करून बघावं लागलं ते इथे एकदाच नीट लिहून ठेवतो, कारण फाइलमध्ये महत्त्वाचं काही लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत पाहिजे आणि कॉलेजात हे कुणी फारसं सांगत नाही.

आपण प्रोग्राममधून फाइलमध्ये लिहितो तेव्हा मजकूर तीन ठिकाणी थांबत थांबत जातो. पहिला थांबा आपल्याच प्रोग्रामच्या आत, लायब्ररीचा (भाषेबरोबर येणाऱ्या तयार कोडचा) बफर, म्हणजे तात्पुरती साठवण. दहा-वीस अक्षरं लिहायला दरवेळी ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारणं महाग पडतं म्हणून लायब्ररी काही किलोबाइट साठवते आणि मग एकदम पुढे ढकलते. दुसरा थांबा ऑपरेटिंग सिस्टिमची रॅम, ज्याला पेज कॅशे म्हणतात. इथे मजकूर आला की आपल्याला लगेच 'झालं' असं उत्तर मिळतं आणि तो डिस्कवर पाठवायचं काम सिस्टिम सवडीने करते. लिनक्सवर नेहमीच्या सेटिंगमध्ये दर ५ सेकंदांनी एक काम उठतं आणि ३० सेकंदांहून जुनी झालेली पानं (रॅममधले मजकुराचे तुकडे) डिस्ककडे पाठवतं, विंडोजवर साधारण सेकंदाला एकदा उठून साठलेल्यातला काही भाग पाठवणारा वेगळा कामगार असतो. तिसरा थांबा डिस्कच्या स्वतःच्या पोटात, तिची छोटी रॅम. डिस्कसुद्धा मजकूर त्या रॅममध्ये घेते, 'मिळालं' म्हणते आणि तबकडीवर किंवा चिपवर स्वतःच्या सोयीने, स्वतःच्या क्रमाने लिहिते. लाइट गेली की या तिन्ही थांब्यांवरचं सगळं जातं. नुसता प्रोग्राम क्रॅश झाला तर मात्र फक्त पहिल्या थांब्यावरचं जातं, हा फरक लक्षात ठेवा, कारण टेस्ट करताना आपण बहुतेक वेळा प्रोग्राम मारून बघतो आणि 'डेटा टिकला' म्हणून खूश होतो.

एवढे थांबे कशाला, हे पण सांगतो. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांच्या वर. एकाच जागी परत परत पक्कं लिहायचं तर फार तर फेऱ्यागणिक एकदा, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर-सव्वाशे वेळा. साठवून साठवून एकदम लिहिलं तर हजारो नोंदी जातात. म्हणून कॅशे वाईट नाही, तो नसता तर कॉम्प्युटर वापरवला नसता. यातूनच एक सोपी परीक्षा पण मिळते. अशा साध्या हार्ड डिस्कवर कुठला प्रोग्राम एकामागून एक, प्रत्येक नोंद वेगळी पक्की करत सेकंदाला ५००० नोंदी करतोय असं दिसलं तर समजायचं की मधला कुणीतरी खरं बोलत नाहीये.

आता माझी चूक. मी सी शार्पमध्ये लिहिलं होतं, त्यात फाइलच्या ऑब्जेक्टला फ्लश नावाची मेथड आहे, ती नुसती कंस रिकामा ठेवून हाक मारली की पहिला थांबा रिकामा होतो, बस. मजकूर प्रोग्राममधून निघून सिस्टिमच्या रॅममध्ये येतो. डिस्कपर्यंत न्यायचं असेल तर त्याच कंसात 'ट्रू' लिहावं लागतं, मग ती खाली विंडोजच्या फ्लशफाइलबफर्सला हाक मारते. एका शब्दाचा फरक. सी मधल्या एफफ्लशचं तेच, तो पण पहिल्याच थांब्यापर्यंत जातो, त्याच्यापुढे एफसिंक ही वेगळी हाक लागते. आणि फाइल बंद करणं म्हणजे क्लोज, याचा डिस्कशी काही संबंधच नाही, क्लोज झाली म्हणजे लिहिली गेली हा समज मी चांगल्या अनुभवी लोकांत पण बघितलाय. त्यात मी दुसरी चूक केली होती, प्रत्येक नोंदीला अख्खी फाइल नव्याने लिहीत होतो, त्यामुळे सकाळभराचा सगळा मजकूर कायम ताजा, कायम रॅममध्ये. विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणारी व्यवस्था, फाइल केवढी आहे, कुठे आहे याची नोंद जर्नलमध्ये, म्हणजे बदलांच्या स्वतःच्या नोंदवहीत, सांभाळते, आतला मजकूर जर्नलमध्ये जात नाही. साइज पोचली, मजकूर पोचला नाही, न पोचलेल्या जागी शून्यं. त्या सकाळी स्क्रीनवर जे दिसलं ते हेच होतं.

तर मुख्य हाक एफसिंक. युनिक्सच्या घरातल्या सगळ्या सिस्टिममध्ये हे नाव आहे आणि अर्थ सांगितला जातो तो असा की या फाइलचा सगळा मजकूर पक्का झाल्याशिवाय मी परत येणार नाही. पण 'पक्का' म्हणजे कुठपर्यंत, इथे प्रत्येकाचं वेगळं.

लिनक्सवर आजकाल एक्सटी४, एक्सएफएस अशा फाइल सिस्टिम एफसिंक झाला की पेज कॅशेमधलं डिस्ककडे पाठवतात आणि वर डिस्कला सांगतात की तुझ्या पोटातली रॅमपण रिकामी कर. म्हणजे तिन्ही थांबे पार, फक्त पहिला आपण आधी एफफ्लशने रिकामा केलेला पाहिजे. एफडेटासिंक म्हणून धाकटा भाऊ आहे, तो फाइल शेवटची कधी बदलली असली बारीक माहिती सोडून देतो, पण फाइल वाढली असेल तर नवी साइज मात्र लिहितो, म्हणून शेवटी ओळी जोडत जाणाऱ्या लॉग फाइलला तो पुरतो आणि थोडा वेळ वाचतो.

मॅकवर गोष्ट बदलते. तिथला एफसिंक मजकूर डिस्कला देतो आणि परत येतो, डिस्कने तो खरोखर लिहिला का याची वाट बघत नाही. हे काही लपवलेलं नाहीये, ॲपलच्या स्वतःच्या मॅन्युअल पानावर स्पष्ट लिहिलंय की डिस्क तो मजकूर नंतर कधीतरी आणि वेगळ्या क्रमाने लिहू शकते, पक्कं पाहिजे असेल तर एफसीएनटीएल नावाच्या हाकेतून एफ-फुल-एफसिंक मागा. तो मागितला की खरंच तिसरा थांबा रिकामा होतो आणि वेळ पण तसाच लागतो. गंमत नाही ही, लिनक्सवर नीट तपासलेला प्रोग्राम मॅकवर जसाच्या तसा कंपाइल होतो, सगळ्या टेस्ट पास होतात, वेगही छान दिसतो, आणि हमी मात्र एक पायरी खाली आलेली असते. गो भाषेने २०१९ मध्ये १.१२ आवृत्तीपासून मॅकवर आपल्या सिंकच्या आत हा फुल प्रकार घातला, रस्टची स्टँडर्ड लायब्ररीपण तेच करते. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये त्यासाठी फुलएफसिंक नावाचं वेगळं सेटिंग आहे आणि मूळ एसक्यूलाइटमध्ये ते बंद असतं. म्हणून कुठल्याही भाषेत काम करत असाल तर तुमची लायब्ररी मॅकवर खाली नक्की कुठली हाक मारते ते एकदा बघाच. काही ठिकाणी, विशेषतः नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर, फुल प्रकार चालतच नाही आणि एरर येते, तेव्हा साध्या एफसिंकवर यावं लागतं, ते पण कोडमध्ये धरून ठेवायचं.

विंडोजवर फ्लशफाइलबफर्स. हा सिस्टिमच्या रॅममधलं लिहितो आणि डिस्कलाही रिकामं व्हायला सांगतो, म्हणजे अर्थाने मॅकच्या फुल प्रकाराच्या जवळ. फक्त फाइल लिहिण्याच्या परवानगीने उघडलेली पाहिजे, नुसती वाचायला उघडून हाक मारली तर नाकारतो. पण विंडोजमध्ये एक टिकमार्क आहे जो मला फार खटकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या पॉलिसी टॅबवर, राइट कॅशे बफर फ्लशिंग बंद करा असा. तो लावला की विंडोज डिस्कला 'रिकामी हो' हा हुकूम पाठवणंच थांबवतं. ज्या डिस्कला स्वतःची बॅटरी आहे तिच्यासाठी तो ठेवलेला आहे, पण 'पीसी फास्ट करा' छापाच्या सल्ल्यात लोक तो सरसकट लावायला सांगतात, आणि मग प्रोग्रामरने कितीही जीव लावून कोड लिहिला असला तरी त्याच्या हातात काही राहत नाही. संकलन केंद्रांवर सेटअप करायला गेलो की मी हा टॅब उघडून बघतोच.

इथपर्यंत एका फाइलच्या आतल्या मजकुराचं झालं. पण फाइलचं नाव? नाव फाइलच्या आत नसतं, ते फोल्डरमध्ये असतं, आणि लिनक्सवर फोल्डर हीसुद्धा एक वेगळी गोष्ट आहे जी वेगळी पक्की करावी लागते. मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलंय की फाइलवर एफसिंक केला म्हणजे फोल्डरमधली तिची नोंद पोचलीच असं नाही, त्यासाठी फोल्डर उघडून त्यावर पण एफसिंक करा. म्हणून जुनी सेटिंगची फाइल बदलायची सुरक्षित पद्धत अशी: त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने नवी फाइल लिहायची, तिच्यावर एफसिंक, मग रीनेम करून जुन्याच्या जागी बसवायची, मग फोल्डरवर एफसिंक. रीनेमची खासियत ही की वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी दिसते नाहीतर पूर्ण नवी, अर्धवट कधी नाही. विंडोजवर फोल्डरवर एफसिंक करायची अशी सरळ पद्धत नाही, तिथे मूव्हफाइलईएक्सला राइट-थ्रू आणि रिप्लेस असे दोन फ्लॅग देऊन काम होतं.

या पद्धतीतला मधला एफसिंक गाळला तर काय होतं ते २००९ च्या सुरुवातीला खूप लोकांनी भोगलं, आणि ती गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. त्याआधीची एक्सटी३ ही फाइल सिस्टिम नेहमीच्या सेटिंगमध्ये नाव-साइजची नोंद लिहायच्या आधी मजकूर लिहायची, दर ५ सेकंदांनी, त्यामुळे एफसिंक न करता नुसता रीनेम केला तरी बहुतेक वेळा निभावून जायचं. शिवाय एक्सटी३ वर एका फाइलचा एफसिंक म्हणजे जवळपास अख्ख्या डिस्कवरचा साठलेला माल बाहेर काढणं, २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आपल्या एसक्यूलाइट डेटाबेससाठी एफसिंक करायला लागला तेव्हा लिनक्सवर दुसरीकडे मोठी कॉपी चालू असली की ब्राउझर काही सेकंद गोठायचा. म्हणून लोक शिकले काय, तर एफसिंक टाळा, तो हळू आहे आणि त्याच्यावाचून अडत नाही. मग एक्सटी४ आली. ती वेगासाठी मजकुराला डिस्कवर जागा द्यायचं कामच पुढे ढकलते, रीनेमची नोंद मात्र वेळेवर जर्नलमध्ये जाते. उबंटू या लिनक्सची येणारी आवृत्ती तपासणाऱ्या लोकांची मशीन क्रॅश झाली आणि परत आल्यावर केडीई, ग्नोम या डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या, म्हणजे पूर्ण रिकाम्या. जुनीही नाही, नवीही नाही. एक्सटी४ सांभाळणारे थिओडोर त्सो यांचं म्हणणं, स्टँडर्डप्रमाणे प्रोग्रामनेच एफसिंक करायला पाहिजे होता, आणि ते कागदावर बरोबरच होतं. वापरणाऱ्यांचं म्हणणं, आमच्या फाइली काल टिकत होत्या, आज टिकत नाहीत, आणि तेही खोटं नव्हतं. शेवटी त्सो यांनीच लिनक्सच्या कर्नल (सिस्टिमचा गाभा) २.६.३० मध्ये सोय केली, असा रीनेम दिसला की मजकुराला लगेच जागा द्यायची. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू मान्य करून तुम्ही कोडमध्ये एफसिंक लिहा, कारण ती सोय एका फाइल सिस्टिमची मेहरबानी आहे, हमी नाही.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. एफसिंकनेच एरर दिली तर? बहुतेक जण म्हणतील परत हाक मारा, मीपण तेच म्हटलं असतं. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या क्रेग रिंगर यांनी हाच मुद्दा मांडला आणि डेटाबेसच्या दुनियेत खळबळ उडाली. लिनक्सवर असं व्हायचं की डिस्कवर लिहिताना एरर आली, एफसिंकने ती एकदा कळवली, आणि त्याच वेळी कर्नलने ते पान 'स्वच्छ' म्हणून खूण करून टाकलं. पोस्टग्रेस दुसऱ्यांदा एफसिंक करायचा, आता लिहायचं काही उरलेलंच नाही म्हणून उत्तर यायचं 'सगळं ठीक', आणि मजकूर डिस्कवर कुठेच नसायचा. ४.१३ च्या आधीच्या कर्नलमध्ये तर ती एरर भलत्याच प्रोसेसला मिळून आपल्याला कधी कळणारच नाही असंही व्हायचं. फ्रीबीएसडी या युनिक्सच्या घरातल्या दुसऱ्या सिस्टिममध्ये असं पान अजून लिहायचं बाकी म्हणून ठेवतात, तिथे परत हाक मारण्यात अर्थ असतो. म्हणजे एकच हाक, एकच नाव, पण चुकल्यावर काय करायचं ते सिस्टिमप्रमाणे वेगळं. पोस्टग्रेसने २०१९ च्या फेब्रुवारीत ११.२ आणि बरोबरच्या आवृत्त्यांत सरळ निर्णय घेतला, एफसिंक फसला की सर्व्हर बंद पडू दे आणि सुरू झाल्यावर लॉगमधून सगळं परत उभं करू.

हा लॉग म्हणजे आपली किर्द. जुन्या पेढीवर व्यवहार झाला की आधी रोजच्या किर्दीत एका ओळीत उतरवतात, खतावणीत खात्याप्रमाणे टाकायचं काम नंतर सावकाश. खतावणी भिजली तरी किर्दीवरून परत करता येते. डेटाबेस हेच करतात, फक्त किर्दीच्या ओळीवर एफसिंक झाल्याशिवाय 'व्यवहार झाला' म्हणत नाहीत, आणि एकाच वेळी दहा जण वाट बघत असतील तर दहांच्या ओळी एका एफसिंकमध्ये नेतात म्हणून परवडतं. यातही सैल सोडायची बटणं असतात. मायएसक्यूएलमध्ये ट्रान्झॅक्शन कमिटच्या फ्लशचं सेटिंग १ असेल तर प्रत्येक व्यवहाराला डिस्क, २ असेल तर साधारण सेकंदाला एकदा. रेडिस या डेटाबेसमध्ये एव्हरीसेक (दर सेकंदाला) ठेवलं की लाइट गेल्यावर सेकंदाभराचा माल जाऊ शकतो. वेबसाइट किती लोकांनी बघितली हे मोजायला तसं चालेल, दुधाच्या हिशोबाला नाही.

आणि हे सगळं करूनही डिस्कवर भरवसा किती, ते स्वतः बघितल्याशिवाय कळत नाही. मेमकॅश्ड हे कॅशेचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००५ मध्ये यासाठी डिस्कचेकर नावाची छोटी स्क्रिप्ट लिहिली होती, तिची कल्पना इतकी सोपी आहे की कुणीही घरी करू शकतो. एका मशीनवर नोंद लिहायची, फ्लश करायची, फ्लश परत आला की नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला कळवायचं 'अमुक नंबरची नोंद पक्की'. मध्येच पहिल्या मशीनचा प्लग उपटायचा, सॉफ्टवेअरने बंद नाही करायचं, खरंच उपटायचा. परत सुरू करून दुसऱ्याकडच्या नंबरांशी ताडून बघायचं. मी जुनी हार्ड डिस्क, एक एसएसडी आणि दोन पेन ड्राइव्ह एक्सटेन्शन बोर्डावर लावून वीस-वीस वेळा हे केलं. हार्ड डिस्क आणि एसएसडीवर एकही नोंद हरवली नाही, एका पेन ड्राइव्हवर 'पक्की' म्हणून कळवलेल्या नोंदी तीनदा गायब होत्या. सर्व्हरसाठीच्या महागड्या एसएसडीत छोटे कपॅसिटर असतात, लाइट गेली तरी पोटातला माल लिहून होईपर्यंत ते चार्ज पुरवतात, म्हणून त्या फ्लशला लगेच हो म्हणतात आणि ते खरंही असतं. संकलन केंद्राच्या बजेटमध्ये त्या बसत नाहीत.

केंद्रावरचा प्रोग्राम मी नव्याने लिहिला. आता फाइल परत परत लिहीत नाही, प्रत्येक नोंदीची एक ओळ शेवटी जोडतो, ओळीच्या शेवटी तिचा चेकसम (ओळीवरून काढलेला पडताळणीचा आकडा), मग कंसात ट्रू लिहिलेला फ्लश, आणि तो परत आल्यावरच पावती. सुरू होताना शेवटची ओळ तपासतो, चेकसम जुळला नाही तर ती अर्धवट समजून बाजूला काढतो, तिची पावती निघालेलीच नसते. त्या जुन्या हार्ड डिस्कवर फ्लशला तीस-चाळीस मिलिसेकंद लागतात, पावती छापायला दीड-दोन सेकंद, त्यामुळे रांगेतल्या माणसाला काही फरक कळत नाही. फ्लशने एरर दिली तर परत प्रयत्न नाही, प्रिंटर हलत नाही, स्क्रीनवर मोठ्या लाल अक्षरात येतं, 'नोंद झाली नाही, वहीत लिहा'. ती वही काट्याशेजारी खिळ्याला टांगलेली असते, पेन दोरीने बांधलेलं.